साडेचारशे रुपये

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती जवळ आली. यंदा ती ४ डिसेंबरला, गुरुवारीच आहे. भंडाऱ्याच्या याद्या ग्रुपवर फिरायला लागल्या आहेत: तांदूळ किती, तेलाचे डबे किती, आचारी कोण. म्हणून या वेळी एक जुनी गोष्ट सांगून टाकावी, असं बेळगावच्या आम्हा मंडळींना वाटलं. सांगताना थोडी लाज वाटते, पण ती झाकली तर पुढचं काहीच सांगता येणार नाही.

२०२३ ची गोष्ट. भंडाऱ्याला दीड हजार पान धरलं होतं आणि भाजीला कोबी लागणार होता दीडशे किलो. कडोली भागातले आमचे एक गुरुबंधू आहेत, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. गेली वीस वर्षं गुरुवारची आरती त्यांनी क्वचितच चुकवली असेल. त्या वर्षी त्यांच्या अर्ध्या एकरात कोबी होता. ते म्हणाले, "दहा किलोला ऐंशी द्या, मी आणून टाकतो." मार्केटात त्या आठवड्यात दहा किलोला पन्नास चालू होता. आमच्या खरेदीच्या मंडळींनी मार्केटातून उचलला. दहा किलोमागे तीस रुपये, म्हणजे दीडशे किलोला साडेचारशे रुपये वाचले. नंतरच्या बैठकीत हिशोब वाचताना ही बचत मुद्दाम वाचून दाखवली, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. फुलांच्या आराशीला सहा हजार गेले होते. त्यात कुणी घासाघीस केली नव्हती.

पुढचं आम्हाला संक्रांतीला कळलं. अण्णांनी तो कोबी काढलाच नव्हता. तोडणीची मजुरी, पोती, गाडीभाडं, वर अडत, हे सगळं जाता पन्नासात हातात काही उरत नव्हतं. त्यांनी उभ्या पिकात रोटर मारला आणि कोबी मातीत घातला. आणि भंडाऱ्याच्या दिवशी हेच अण्णा पहाटेपासून मठात होते. पंगतीत कोबीची भाजी वाढायला बादली घेऊन तेच फिरत होते. मार्केटातल्या कोबीची भाजी.

"अण्णा, सांगायचं नाही काय ओ?" आमच्यातल्या एकांनी विचारलं.

"काय सांगायचं? भाव पडला तर तुम्ही तरी काय करणार ओ?"

दत्तजयंती त्या साली २६ डिसेंबरला होती. तीन दिवस आधी, २३ तारखेला, किसान दिन. आम्ही मागे जाऊन ग्रुप उघडून बघितला. बळीराजाचे, बैलजोडीचे, हात जोडलेले फोटो त्या एका दिवसात चाळीसच्या वर होते. अण्णांनीही त्यातल्या बऱ्याच फोटोंना नमस्काराचं चिन्ह टाकलं होतं.

आता खरेदी करणाऱ्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण ती पोकळ नाही. ते म्हणाले, हा पैसा आपला नव्हे, भक्तांचा आहे. कुणी रिक्षा चालवून पन्नास रुपये पेटीत टाकतो. तो जपून वापरणं हा आमचा धर्म. उद्या ओळखीच्या माणसाकडून जास्त भावानं माल घेतला, तर तुम्हीच बोट दाखवाल. हे म्हणणं आम्हाला आजही खोडून काढता येत नाही. मग चुकलं काय? चुकलं आहे हे तर सगळ्यांनाच आतून कळत होतं. त्यावर पुढचे दोन-तीन गुरुवार आरतीनंतर बोलणं झालं, आणि ते बरंच लांबलं.

शास्त्र बघू म्हणून बघितलं. तीन ऋणं आपल्याला पाठ असतात: देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, मनुष्यऋण. माणूस माणसांचा देणेकरी म्हणूनच जन्माला येतो, आणि ते देणं दुसऱ्याला आसरा देऊन, जेवू घालून फेडायचं. भंडारा करतो तेव्हा आपण हेच ऋण फेडतो अशी आपली समजूत. पण दीड हजार लोकांना जेवू घालताना ज्याच्या रानातून ते जेवण येतं त्याचं ऋण वाढत असेल, तर हिशोब कसा जमायचा?

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची व्रतं आहेत. अन्नाला नावं ठेवू नयेत, अन्न टाकू नये, अन्न भरपूर वाढवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका वहिनींनी बोट ठेवलं ते नेमक्या जागी. त्या म्हणाल्या, पहिली दोन आपण पोरांना ताटावर बसून शिकवतो. चौथं भंडाऱ्यात करतो. तिसरं व्रत, अन्न वाढवायचं, ते कोण करतंय? ते आपण परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घातलंय. त्याला अन्नदाता म्हणतो आणि मोकळे होतो.

अरणच्या सावता महाराजांची कथा आपण किती कीर्तनांत ऐकली असेल. मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला. पण त्यांची भाजी कोण विकत घेत होतं आणि काय भावानं, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. अण्णांचं कळल्यावर तो आला.

मठाच्या मागं दीडेक गुंठा जागा पडून होती. दगड, प्लास्टिक, जुन्या मंडपाचे बांबू. तिथं आपण भाजी करायची असं ठरलं. खरं सांगायचं तर त्यात थोडा प्रायश्चित्ताचा भाव होता, थोडी हौस होती, आणि थोडं फोटो टाकायचंही होतं. शिकवायला अर्थात अण्णाच आले. पहिल्या दिवशी त्यांनी कुणाच्या हातात खुरपं दिलं नाही. मातीत बोट घालायला लावलं. वरची माती सुकलेली दिसते म्हणून आपण पाणी मारतो, खाली ओल असते, आणि मुळं कुजतात. आमच्या घराघरांतल्या कुंड्यांतल्या अर्ध्या रोपांच्या मरणाचं कारण त्या दिवशी कळलं.

मेथी महिन्याभरात आली, आणि आम्हाला वाटलं, हे तर सोपं आहे. मग धने अख्खेच पेरले, रगडून दोन फाकी केलेच नाहीत, त्यामुळं कोथिंबीर तुरळक उगवली. वांग्यानं मात्र सगळ्यांना जमिनीवर आणलं. रोपं कमरेएवढी झाली, फुलं आली, आणि एके दिवशी शेंडे माना टाकायला लागले. बालसंस्काराच्या पोरांना वाटलं, पाणी कमी पडलं. अण्णांनी एक शेंडा मोडून उभा चिरून दाखवला. आत अळी. ती शेंडा पोखरते आणि पुढं फळातही शिरते. किडके शेंडे रोज खुडून नष्ट करायचे, त्यात चार दिवस खंड पडला की संपलं. आमच्यात खंड पडला, कारण तो लग्नसराईचा आठवडा होता. झाडाला आपलं लग्नकार्य कळत नाही.

बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी जमाखर्च ठेवत होत्या. दगड काढणं, दोन ट्रॉली माती, शेणखत, पाइप, बियाणं मिळून ७,३०० रुपये खर्च. सहा महिन्यांत निघालेल्या भाजीची बाजारभावानं किंमत २,१५०. आमचे श्रम धरलेच नव्हते. "आपण शेतकरी असतो तर जप्ती आली असती," असं मावशींनी बैठकीत वाचून दाखवलं आणि सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

म्हणून घरी भाजी पिकवा असं आज सगळेच सांगतात, तेव्हा आम्ही एवढंच म्हणतो की पैसे वाचतील म्हणून करू नका. एखाद्याचे वाचतही असतील. आमचे नाही वाचले. पण त्या सहा महिन्यांनंतर भाजीवालीसमोर उभं राहून "चाळीसची तीसला द्या की" म्हणताना जीभ अडखळायला लागली. मेथीच्या जुडीकडं बघितलं की तिच्यामागचा महिना दिसतो. आमच्या घरची एक मुलगी, वय वर्षं नऊ, ताटातलं किडकं वांगं बाजूला काढताना आता तोंड वाकडं करत नाही. "याचा शेंडा कुणीतरी खुडला नाही," एवढंच म्हणते.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. पैसे दिले की देणं फिटतं काय? कापड घेतलं, मोबाइल घेतला, पैसे दिले, विषय संपला. भाजीचं तसं का नसावं? आमच्या बोलण्यातून एक गोष्ट पुढं आली. मार्केटातला भाव त्या दिवशी किती गाड्या आल्या त्यावर ठरतो. कोबी पिकवायला काय लागलं याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही, आणि ज्याच्या पोटात तो जाणार त्याला त्याची किती गरज आहे याच्याशीही नाही. सगळ्यांनी एकदम कोबी लावला म्हणून पन्नासवर आलेला भाव देऊन आपण म्हणतो, व्यवहार चोख झाला. चोख झाला हे खरं. पण ऐंशी जास्त आणि पन्नास योग्य हे आम्ही कशावरून ठरवलं होतं? आम्हाला तर कोबीला काय खर्च येतो हेही ठाऊक नव्हतं. भक्तांचा पैसा जपायचा तर आधी हे विचारायला हवं होतं.

काहींचं म्हणणं पडलं की मग जास्त पैसे देऊया, दान समजून. हे आम्हाला पटलं नाही, आणि अण्णांना तर मुळीच नाही. वर्षातून एका भंडाऱ्याला दहा किलोला शंभर दिले, आपलं मन हलकं झालं, आणि उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांनी काय करायचं? शेतकऱ्याला एका दिवसाचा चढा भाव नको असतो असं नाही, पण लावणी करताना हे कोण घेणार आणि कितीला घेणार, एवढं माहीत असलं तर तो रात्री झोपतो. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला नेम हवा. आपण नित्यनेमाला किती जपतो! पारायण चुकलं तर मनाला टोचतं. पण ज्याच्या भाजीवर आपला उपास सुटतो त्याच्याशी आपला काही नेम नाही. आज हा, उद्या तो, ज्याचा स्वस्त तो.

हे काही आम्हीच शोधलं नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात घरच्या बायकांनी पुढाकार घेऊन शेतकऱ्यांशी थेट असं नातं जोडलं. पिकेल ते घ्यायचं, किंमत दोघांनी मिळून आधी ठरवायची, कामाला हातही लावायचा. त्याला तिकडं 'तेइकेई' म्हणतात. आपल्याकडं बलुतेदारीतही देणंघेणं आधीच ठरलेलं असायचं. पण त्यात जातीनं माणूस बांधून टाकला होता, तेव्हा तिचे गोडवे आम्ही गाणार नाही.

२०२४ च्या जूनपासून बावीस घरांनी सुरुवात केली. कडोली भागातले अण्णा आणि त्यांचे एक शेजारी, आणि येळ्ळूर शिवारातले एक भात पिकवणारे मामा. दर रविवारी आरतीनंतर चार-चार किलोची पिशवी, भाव पेरणीआधी बसून ठरवलेला. खर्च किती, मजुरी किती, घरच्या माणसांची मजुरीही धरून. ती धरताना अण्णाच संकोचले. बायकोच्या कामाचे पैसे धरायचे असतात हे त्यांना नवीन होतं.

मग पावसाळा आला. बेळगावचा पाऊस बाहेरगावच्या मंडळींनी ऐकलेला असेल. पालेभाजी कुजली, आणि पिशवीत चार आठवडे दोडका, काकडी, भोपळा. तीन घरांनी हळूच पिशवी बंद केली. मठाच्या दारात बसणारी भाजीवाली अक्का एक दिवस म्हणाली, "तुमचं चांगलं झालं, माझं काय?" तिचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. एकाचं ऋण फेडताना दुसरीच्या पोटावर पाय देत होतो. आता पालेभाजी आम्ही पिशवीत घेत नाही, तिच्याकडूनच घेतो.

त्यापेक्षा मोठी परीक्षा भाताची झाली. येळ्ळूर-वडगाव-शहापूर शिवारातला सुवासिक बासमती बेळगावकरांना सांगायला नको. बारा घरांनी मामांना भाताचे पैसे आगाऊ दिले होते, घरटी तीन हजार. जुलैत बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं आणि उतरलंच नाही. रोपं पाण्याखाली कुजली. आता? पिकेल ते घ्यायचं म्हणून शब्द दिलेला. पिकलंच नाही, म्हणजे पैसे बुडाले असं समजायचं का? पैसे परत मागायचे का?

दोन रविवार यावर वाद झाला, आणि तो गोड नव्हता. नोकरदार मंडळी उदारपणे म्हणाली, जाऊदे, सोसू. तेव्हा रिक्षा चालवणारे एक गुरुबंधू उठून म्हणाले, "तुम्हाला तीन हजार जाऊदे म्हणता येतात. माझ्या घरचा वर्षाचा तांदूळ होता तो." सभा गप्प झाली. सगळ्यांनी सारखा तोटा सोसावा हे ऐकायला न्यायाचं वाटतं, पण तीन हजार सगळ्यांच्या घरी सारखे नसतात. शेवटी ज्यांना जमलं त्या आठ घरांनी पैसे सोडले, आणि चार घरांना त्या आठांनीच वर्गणी काढून तांदूळ घेऊन दिला. कुठलं घर कुठल्या यादीत हे लिहून ठेवलं नाही. मामांना निरोप दिला की मदत म्हणून एवढं केलंय. ते दुसऱ्या दिवशी मठात आले, चप्पल काढून उभेच राहिले. "मदत म्हणू नका ओ. पुढच्या वर्षी भात घ्या म्हणजे झालं." आम्ही घेतला. त्यांनी त्यात आगाऊ घेतलेल्या पैशांतले अर्धे वळते केले, कितीही नको म्हटलं तरी.

उलटंही घडलं. ते सांगितलं नाही तर शेतकरी तेवढे देव आणि आपण तेवढे पापी असं चित्र होईल. एका आठवड्यात टोमॅटो चढला. आमचा ठरलेला भाव दहा किलोला तीनशे, मार्केटात आठशे. रविवारच्या पिशवीत टोमॅटो नव्हता. अण्णांच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, कीड पडली. नंतर कळलं, माल मार्केटात गेला होता. आम्ही चिडलो. शब्द म्हणजे शब्द, भाव पडला तेव्हा आम्ही जास्त दिलेच होते की! राग खोटा नव्हता. पण तेवढ्यात कुणीतरी हळूच म्हणालं, "साडेचारशे रुपये." त्यांच्या मुलाची कॉलेजची फी भरायची होती, हे त्यांनी नंतर मान खाली घालून सांगितलं. खोटं बोलणं चुकलंच, ते त्यांनाही मान्य. आता असं ठरलं आहे की भाव दुपटीवर गेला तर अर्धा माल त्यांनी खुशाल मार्केटात न्यावा, पण सांगून. हा तोडगा सगळ्यांना पटला आहे असं नाही. आमच्यातच दोन मतं आहेत, आणि असू द्यात.

इंदूर-बडोद्याच्या आपल्या घरांनी विचारलं आहे, आमच्याकडं फ्लॅट, आमच्या ओळखीचा एकही शेतकरी नाही, आम्ही काय करायचं? आमचं सुचवणं एवढंच की शहराबाहेरच्या रस्त्याला कुठं ना कुठं रोज सकाळी कुणीतरी स्वतःच्या रानातली भाजी घेऊन बसलेलं असतं. त्याच्याकडं महिनाभर, ठरलेल्या वारी, न चुकता जा. नाव विचारा. पुढच्या महिन्यात काय लावणार, ते विचारा. एक ग्रो-बॅग भेंडीची लावा, ती खाण्यासाठी कमी आणि कळण्यासाठी जास्त. गोव्याच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. पावसात चोर्ला घाट अडला की फोंडा-साखळीच्या बाजारात काय होतं ते तुम्ही बघताच, कारण तुमची बरीच भाजी आमच्याच शिवारातून जाते. चवथीच्या माटोळीला लागणारी फळं, भाज्या, पानं पूर्वी आपल्याच कुळागरातून, रानातून यायची. आता किती घरांची माटोळी पूर्ण बाजारातून येते, ते एकदा मोजून आम्हाला कळवा. आम्हाला खरंच जाणून घ्यायचंय.

महाराज पंगतीला बसले की वाढणाऱ्याला एकच विचारायचे, "हे कुणाच्या रानातलं?" जुन्या मंडळींना आठवत असेल. आम्हाला तेव्हा वाटायचं, सहज विचारतात. उत्तर बहुतेक वेळा कुणालाच येत नसे. मग ते हात जोडायचे आणि जेवायला लागायचे.

यंदाच्या भंडाऱ्याला कोबी १८० किलो लागेल. भाव सप्टेंबरात रोपं लावतानाच अण्णांशी बसून ठरला आहे, दहा किलोला ८५. आज मार्केटात काय चाललंय ते कृपया ग्रुपवर टाकू नये. काल आम्ही सातजण रानात जाऊन आलो. गड्डे अजून थोडे सैल आहेत. थंडी पडू दे, आवळतील, असं अण्णा म्हणाले. तोडणी बुधवारी ३ डिसेंबरला सकाळी सहाला आहे. मठासमोरून टेम्पो सव्वापाचला निघेल. आमच्याकडं विळे दहाच आहेत, तेव्हा ज्यांच्या घरी असेल त्यांनी घेऊन यावा, आणि पोरांना स्वेटर घालून आणावं.